शेऱ्याचा रकाना

आमच्या इंदुरात कॉफी ही दोनच ठिकाणी प्यायची वस्तू होती. एक इंडियन कॉफी हाऊसमध्ये आणि दुसरी लग्नात. घरी चहा. सकाळी पोहे-जिलबीवर चहा, दुपारी झोपून उठल्यावर चहा, रात्री अकराला सराफ्यात भुट्ट्याचा कीस आणि गराडू खाऊन परतल्यावर पुन्हा घोटभर चहाच. घरात कॉफी व्हायची ती एकादशीला, नाहीतर कुणी आजारी पडलं तर, दुधात उकळून, वर जायफळ किसून. कॉफी म्हणजे आमच्या लेखी पथ्याचा प्रकार.

तुम्हा सीमाभागातल्या मंडळींना हे वाचून हसू येईल. तुमच्या भिंतीपलीकडच्या कानडी घरातून रोज पहाटे फिल्टरच्या कॉफीचा वास येत असणार. आमच्या भिंतीपलीकडे हिंदी आहे, आणि तिथूनही येतो तो चहाचाच वास. फार तर आलं घातलेल्या.

कॉफी हाऊसचं अप्रूप मला कॉलेजात असल्यापासून. डोक्यावर पंख्यासारखा तुरा काढलेला फेटा, कमरेला रुंद पट्टा, असा वेटर समोर अदबीनं उभा राहिला की खिशात सव्वा रुपया असूनही आपण कुणीतरी आहोत असं वाटे. त्यामागची हकिकत पुढे वाचनात आली. १९५७ च्या सुमारास कॉफी बोर्डानं आपली कॉफी हाऊसं बंद करायला घेतली, तेव्हा कामावरून निघालेल्या नोकरांना केरळचे नेते ए. के. गोपालन यांनी सहकारी संस्था काढायला लावल्या. आमच्या मध्य प्रदेशातली कॉफी हाऊसं जबलपूरच्या अशाच कामगार संस्थेची. म्हणजे कप आणून देणाराच मालक. उगीच नाही तो तुरा इतका ताठ!

लग्नातल्या कॉफीची गोष्ट निराळी. मांडवाच्या कोपऱ्यात एक उभा बंब, खाली शेगडी, अंगाला दोन-तीन वाकड्या नळ्या. गडी जगात दूध, साखर आणि बाटलीतली कॉफीची भुकटी घेई, नळी दुधात बुडवी आणि चावी सोडी. 'खर्रर्र फुस्स' असा काही आवाज होई की भटजींचे मंत्र त्यात बुडून जात. वर फेसाचा डोंगर, त्यावर चिमूटभर भुकटी. याला म्हणायचं एस्प्रेसो. १९८५ साली आमच्या लग्नातही ती होती. ही मिरजेची. गाण्यातली. दोन गाड्या बदलून, मांडीवर बाळ घ्यावं तसा गोधडीत गुंडाळलेला मिरजेचा तंबोरा सांभाळत सासरी आली. मांडवातला तो आवाज ऐकून तिनं कानांवर हात ठेवले होते, हे मला आजही लख्ख आठवतं. त्यात कॉफी नावापुरती आणि एस्प्रेसो तर मुळीच नाही, ती सगळी वाफेची करामत, हे मला कळायला पुढची अडतीस वर्षं जावी लागली.

* * *

२०२१ चा एप्रिल महिना कुणाला विसरता येणार आहे? आमच्या गल्लीतली तीन माणसं गेली. आम्ही दोघंही अंथरुणाला खिळलो आणि दोघंही उठलो, म्हणजे नशीबवानच म्हणायचं. मी पूर्ण उठलो. हिचं एक काहीतरी मागे राहिलं. वास गेला.

वास जाणं ही तक्रार कुणाला सांगण्यासारखीही नसते. लोकांचे प्राण गेले होते, तिथे नाकाचं काय घेऊन बसता! पण ज्या बाईनं चाळीस वर्षं फोडणीच्या वासावर स्वयंपाक केला, तिचं काय होतं ते मी पाहत होतो. मीठ, आंबट, गोड, कडू, तिखट हे सगळं जिभेला कळत होतं. हिंग कळत नव्हता. कोथिंबीर म्हणजे नुसतं गवत. दूध उतू गेलं तर दिसे, खाली लागलं तर कळत नसे. आणि एकदा तर गॅसचं बटण अर्धवट सुरू राहिलेलं, मी बाहेरून आलो तेव्हा घरभर वास कोंदला होता आणि ही ओट्याशीच उभी राहून भाजी चिरत होती. त्या दिवसानंतर ही स्वयंपाकघरात एकटी जायला बिचकू लागली.

डॉक्टरांनी चार बाटल्या सांगितल्या: गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी. सकाळ-संध्याकाळ एकेक हुंगायची आणि मूळ वास आठवायचा. नाकाची तालीमच म्हणा ना. ही पद्धत जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या डॉक्टरांनी २००९ साली मांडलेली. हिनं ती नेमानं केली. गाणाऱ्या बाईला रियाज काय नवा? पण दोन-तीन महिन्यांनी वास परत आला तो वाकडा होऊन. कांदा परतला की नासल्याचा वास. लसूण तसाच. ही दहीभातावर राहू लागली.

मी काय केलं? मी गोड बोलत राहिलो. आमटीची फोडणी करपे, मी म्हणे, "छान झालीय." कढी आदल्या दिवशीची, उतरलेली, मी म्हणे, "झकास." आजारी माणसाला दुखवू नये, एवढंच माझ्या मनात. बँकेत बत्तीस वर्षं नोकरी केली, पण एका पैशाचा खोटा हिशोब लिहिला नाही. घरात मात्र रोज दोन वेळा खोटी नोंद करत होतो.

त्या वर्षी दिवाळीला लेक बंगळुराहून आली ती एक भलामोठा खोका घेऊन. आईबाबांसाठी एस्प्रेसोचं यंत्र! नरकचतुर्दशीला फराळाआधी तिनं ते ओट्यावर मांडलं, कॉफी काढली आणि "आई, डोळे मीट," म्हणून कप हिच्या नाकाशी धरला. ही पदर तोंडाला लावून मागच्या दारी धावली. लेक घाबरली. पाचेक मिनिटांनी ही पायरीवरूनच म्हणाली, "रबर जळतंय गं. रबर, आणि त्यात काहीतरी मेलेलं."

तिचा दोष नव्हता आणि कॉफीचाही नव्हता. अशा रोग्यांना ज्या वासांचा सर्वांत जास्त त्रास होतो त्यांत कॉफी अगदी पुढे. तिच्या सुगंधातलं जे मुख्य द्रव्य, तेच अशा नाकाला ओकारी आणतं, असं ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवून दिलं. आम्हाला तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं.

दुपारी जेवताना लेकीनं आमटीचा घास घेतला आणि सहज म्हणून गेली, "आई, फोडणी करपलीय का गं?"

हिनं माझ्याकडे पाहिलं. "करपलीय?"

मी पानातला भात कालवत राहिलो.

"रोज करपते?"

मी काय बोलणार! ही पुढे काही म्हणाली नाही. शांतपणे जेवली, पानं उचलली. पण त्या दिवसापासून हिनं मला 'कशी झालीय' हे विचारणं सोडलं. संसारात हा प्रश्न किती वेळा विचारला जातो हे तो बंद झाल्यावर समजलं.

यंत्र माळ्यावर गेलं. तंबोऱ्यावर गवसणी चढली ती टाळेबंदीत शिकवण्या थांबल्यापासून होतीच. मी एकदोनदा विषय काढला. "सूर लागेल हो," ही म्हणाली, "मन लागायला हवं ना."

* * *

२०२३ च्या फेब्रुवारीत हिनंच सांगितलं, "तो खोका खाली काढा." मी पाहतच राहिलो. "आता कांदा-लसणीचा त्रास होत नाही. चांगला वास येत नाही तसा वाईटही येत नाही. पोरीनं एवढे पैसे घातलेत, धूळ का खाऊ द्यायची?"

खोका उघडला आणि माझी शाळा सुरू झाली. मला वाटलं होतं, पाणी घाला, पूड घाला, बटण दाबा. लेकीला फोन लावला तर ती म्हणाली, "बाबा, ते आधी डायल इन करावं लागतं."

"म्हणजे काय करावं लागतं?"

"म्हणजे... ॲडजस्ट. दळण, वजन, वेळ जुळेपर्यंत करत राहायचं."

त्याच वेळी गळणारी रबरी चकती बदलायला आलेला मिस्तरी ओट्याशी बसला होता. तो म्हणाला, "भिया, मशीन को सेट करना पड़ेगा." इंग्रजीत एक शब्द, हिंदीत एक. मराठीत? आम्ही इंदूरवाले तसेही 'येऊन राहिलो, करून राहिलो' म्हणणारे. शुद्ध शब्द सुचणं मुश्कील. तेवढ्यात आतल्या खोलीतून ही म्हणाली, "लावायचं, म्हणा. तंबोरा लावतात तसं."

विचार केला तर खरंच की! आपण तंबोरा लावतो, विरजण लावतो, घड्याळ लावतो, कुकर लावतो. तयार वस्तू नुसती असून भागत नाही, ती लागावी लागते. मग मी यंत्र लावायला घेतलं.

आता लावायचं म्हणजे काय, ते सांगतो. एस्प्रेसोत कॉफी उकळत नाहीत. बारीक दळलेल्या, दाबून बसवलेल्या कॉफीच्या वडीतून ९०-९५ अंशांचं पाणी हवेच्या दाबाच्या नऊपट जोरानं पार करतात. नव्वद मीटर खोल पाण्याच्या तळाशी जेवढा भार, तेवढा हा जोर. १८ ग्रॅम पूड घेतली तर पंचवीस-तीस सेकंदांत साधारण ३६ ग्रॅम कॉफी कपात उतरायला हवी. दळण जाडं झालं तर पाणी दहा-बारा सेकंदांतच भसकन निघून जातं, कॉफीतलं जे आधी सुटतं ते आंबट तेवढं घेऊन. फार बारीक झालं तर पाणी अडकतं, थेंब थेंब गळतं आणि शेवटचा कडवटपणाही ओरबाडून आणतं. या दोहोंच्या मधे कुठेतरी जागा असते.

ही विद्या तशी फार जुनी नाही. ट्यूरिनच्या मोरिओन्डोनं १८८४ साली आणि मिलानच्या बेझेरानं १९०१ साली अशा यंत्रांची पेटंटं घेतली, पण त्यांत पाणी ढकलायचं काम वाफ करी. जोर जेमतेम दीडदोन पट, आणि कॉफी करपट. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ च्या सुमारास, मिलानच्याच गाज्जियानं लांब दांड्याची यंत्रं बाजारात आणली. दांडा खाली ओढायचा, आतली स्प्रिंग पाणी रेटायची, आणि कपात पहिल्यांदाच कॉफीवर सोनेरी साय धरली. १९६१ साली फाएमा कंपनीनं दांड्याच्या जागी विजेचा पंप बसवला. आमच्या ओट्यावरचं यंत्र त्याच घराण्यातलं, फार धाकटं. आमच्या लग्नातला बंब मात्र त्या वाफेच्या पिढीतला. त्यातही कॉफी गाळायची तसदी न घेणारा.

पहिला धडा मिळाला तो दळणाचा. मी मिक्सरमध्ये दाणे फिरवले. निम्मा भुगा, निम्मे तुकडे. ही म्हणाली, "मिक्सर मारतो हो, दळत नाही. दळायला जातं लागतं." लेकीनं खोक्यात दिलेली हातचक्की काढली, ती अगदी जात्याच्याच जातीची निघाली. आत दोन दातेरी चकत्या आणि त्यांच्यामधली फट कमीजास्त करायला एक फिरकी. जात्याला खुंटा आणि तंबोऱ्याला खुंटी, तशी ही तिसरी.

दुसरा धडा वजनाचा. चमच्याचा अंदाज इथे चालत नाही. एका ग्रॅमनं पाच-सात सेकंद इकडेतिकडे होतात. ज्या सराफ्यात आम्ही रात्री खायला जातो तिथे दिवसा सोनं तोलतात, हे एकाएकी आठवलं. तिथे चौकशी करून दशांश ग्रॅमपर्यंत दाखवणारा तळहाताएवढा काटा आणला. दुकानदारानं आदरानं विचारलं, "सोनं घरीच तोलणार का?" कॉफी म्हटल्यावर त्याचा आदर एकदम उतरला.

तिसरा धडा पाण्याचा. इंदूरला १९७८ पासून नर्मदा येते, जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर, डोंगर चढून. पण आमच्या गल्लीत ती एक दिवसाआड. मधल्या दिवशी बोरिंगचं पाणी, जे माळव्याच्या काळ्या खडकातून येतं आणि पातेल्याच्या बुडाशी पांढरा थर ठेवतं. महिन्याभरात यंत्राच्या नळीतही तोच थर. टाटरी, म्हणजे सायट्रिक ॲसिड, पाण्यात घालून नळी धुतली तेव्हा ती मोकळी झाली. मग हट्टानं शुद्ध यंत्राचं, सगळे क्षार काढलेलं पाणी घातलं, तर कॉफी अगदी पुळचट. पाण्यात थोडा क्षार असावाच लागतो, नाहीतर ते कॉफीतलं काही धरून आणत नाही. शेवटी नर्मदेचं पाणी माठात भरून वेगळं ठेवायला लागलो. आमच्या कॉफीला नर्मदामैया लागते असं मी पाहुण्यांना सांगतो. कुणाला ते खोटं वाटत नाही.

* * *

एवढं सगळं करूनही कॉफी लागेना. याचं कारण मी होतो.

मी वही घातली होती. बँकेतल्या माणसाला वहीशिवाय काही सुचत नाही. रकाने आखले: तारीख, दाणे, फिरकीचा आकडा, पूड ग्रॅम, कॉफी ग्रॅम, सेकंद, आणि शेवटी शेरा. पहिले सहा रकाने चोख भरत होतो. शेऱ्यात मात्र रोज एकच शब्द: बरी. वाफाळत्या कपाचा वास इतका सुरेख येई की जिभेचं म्हणणं ऐकूच येत नसे. शिवाय आंबट आणि कडू यांत आपली जीभ किती घोटाळा करते, ते मला तेव्हा समजलं. पहिल्या घोटाला तोंड वाकडं झालं की आपण सरसकट 'कडू' म्हणून मोकळे होतो.

एकदा मी कप ओट्यावर ठेवून फोन घ्यायला गेलो. परत आलो तर हिनं एक घोट घेतला होता. कॉफीला तोंड लावण्याची दीड वर्षांतली पहिलीच वेळ. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "आंबट आहे."

"कडू म्हणायचंय का तुला?"

"नाही. आंबट. कैरीचा नाही, चिंचेचा. आणि मागे काही नाही. पोकळ."

मी वही पाहिली. सतरा सेकंद. पाणी लवकर निसटलं होतं, म्हणजे आंबटच असायला हवी होती. हिला वास नाही म्हणूनच हिची जीभ फसत नव्हती! वासाचा सगळा देखावा बाजूला काढला की उरतात चवी, आणि त्या हिला शाबूत होत्या. फिरकी दोन घरं बारीक केली. दुसरा कप. "आता कडू. जिभेच्या मागे बसतंय." एक घर जाडं. तिसरा कप. हिनं घोट घेतला, थांबली, पुन्हा एक घेतला. "हां. आता दोन्ही आहे, पण भांडत नाहीत."

मी शेऱ्याच्या रकान्यात ते लिहायला लागलो तर हिनं वही ओढून घेतली आणि स्वतः लिहिलं. सत्तावीस सेकंदांसमोर हिच्या किरट्या अक्षरात: लागली.

त्या दिवसापासून सहा रकाने माझे आणि सातवा हिचा. नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दळण बदललं तर वजन तेच. वजन बदललं तर दळण तेच. चारही तारा एकदम पिळल्या तर तंबोरा कधी लागेल का? शेरे मात्र मोठे बेरकी. 'पोकळ.' 'पाणचट.' 'कडू, पण खोटा कडू, दाणे जास्त भाजलेत.' 'तुमचं लक्ष नव्हतं.' हा शेवटचा अगदी बरोबर होता. क्रिकेट सुरू होतं.

पुढे तर ही चाखायच्या आधीच सांगू लागली. वडी नीट बसली की पंपाचा आवाज ओझं घेतल्यासारखा खाली उतरतो. कुठे सैल राहिली की पाणी बांध फोडल्यासारखं तेवढ्याच जागेतून पळतं आणि आवाज सुटा होतो. मला हा फरक कळायला चार महिने लागले. ही दिवाणखान्यातून ओरडायची, "फुटलं! टाका ते!" मग मी एका बुचात शिवणाच्या चार बारीक सुया खोचल्या आणि पूड दाबण्याआधी त्यांनी मोकळी करू लागलो. फुटणं थांबलं. दूध तापवतानाही तसंच. वाफेची नळी आधी पृष्ठभागाशी, कागद फाटल्यासारखा आवाज चार-पाच सेकंद, मग खोल. आवाज जाडा होत जातो, जग हाताला सोसेना झाला की बंद. लग्नातला तो 'खर्रर्र' म्हणजे बेसूरपणा होता, हे हिनं १९८५ सालीच ओळखलं होतं, एवढंच.

मी मात्र दुसरंच काही शिकत होतो. दोन वर्षं मी हिला जपत होतो, म्हणजे काय करत होतो? हिचं मत कशालाच लागत नाही, असं न बोलता सांगत होतो. हिला औषध हवं होतं, विश्रांती हवी होती, ते सगळं खरं. पण जिच्या एका शब्दावर बारा-बारा वर्षं शिकलेल्या मुली पुन्हा षड्जापासून सुरुवात करत, तिला कुणीतरी 'तू सांग, हे बरोबर आहे का?' असं विचारायला हवं होतं. ते मी विचारलं नाही. माझी सहा रकान्यांची वही अडली, तेव्हा कुठे विचारलं गेलं.

* * *

कॉफी एकदा लागली की कायमची लागली असं होत नाही, हेही लिहून ठेवतो. पावसाळ्यात पूड दमट होते. कालपर्यंत सत्तावीस सेकंदांत उतरणारी कॉफी आज चाळीस घेते. थंडीत माळव्याची हवा कोरडी पडते, पुन्हा फिरकी हलवा. नवीन पाकीट आलं की पुन्हा पहिल्यापासून. अगदी ताजे भाजलेले दाणेही चालत नाहीत; त्यातून वायू सुटत असतो, आठ-दहा दिवस मुरू द्यावे लागतात. लेक पाठवते ते दाणे चिकमगळूरकडचे. बाबा बुदन यांनी सतराव्या शतकात यमनहून सात बिया लपवून आणल्या अशी आख्यायिका ज्या डोंगराची, त्याच भागातले. त्यातला एस-७९५ नावाचा वाण जवळच्याच बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्रात १९४० च्या दशकात तयार झालेला. आमची फिरकी त्याला अकराव्या घरावर लागते.

२०२३ च्या गणपतीत हिनं गवसणी काढली. मिरजेचा भोपळा, दोन वर्षांत तारा गंजलेल्या. मी बाजारातून नव्या आणल्या. पुलाशी दोरे सरकवत, मणी खालीवर करत ही तासभर बसली. जवारी काही बोलेना. मी शेजारी बसून, वाटेत येऊ नये म्हणून गप्प. शेवटी खर्ज घुमला, तशी माझ्याकडे न बघताच म्हणाली, "शेरा?"

मी म्हटलं, "मला काय कळतंय त्यातलं!"

"जे ऐकू येतं ते सांगा."

"दुसरी तार जराशी उतरल्यासारखी वाटते."

हिनं मणी हलवला. उतरलीच होती.

त्याच आठवड्यात जेवताना हिनं वाढता वाढता विचारलं, "आमटी कशी झालीय?" इतक्या सहज, की मधली बावीस महिन्यांची गप्पी जणू झालीच नव्हती. माझ्या तोंडावर जुना शब्द येऊन थांबला. मी म्हणालो, "फोडणी जरा पुढे गेलीय. मोहरी तडतडली की लगेच उतरव. मी सांगत जाईन." हिनं मान हलवली. आता फोडणीच्या वेळी मी ओट्याशी उभा असतो. नाक माझं, हात हिचा.

वास? आला थोडा थोडा. सगळा नाही. गॅसचा कळतो, देवाची कृपा. जाईचा कधी कळतो, कधी नाही. चार बाटल्या अजून देवघराच्या फळीवर आहेत. डॉक्टर म्हणतात, आशा सोडू नका आणि वाटही पाहत बसू नका. दोन मुली पुन्हा शिकायला येतात. त्यांना क्लासनंतर कॉफी मिळते, म्हणून येतात असं मी म्हणतो.

२०२४ च्या पावसाळ्यात लेकीनं वेगळे दाणे पाठवले. मान्सून मलबार. पूर्वी शिडाच्या जहाजांतून युरोपला जाताना दाण्यांना महिनोन् महिने समुद्राची दमट हवा लागे, ते फुगत, पिवळे पडत, त्यांचा आंबटपणा जाई. तिकडच्या लोकांना तीच चव आवडू लागली. जहाजं वेगवान झाली आणि चव गेली. मग पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदामांत मुद्दाम पावसाळी वारं खेळवून दाणे तसे करू लागले. नव्यानं लावायला तीन दिवस गेले. पहिल्या दिवशी शेरा: 'जड.' दुसऱ्या दिवशी: 'बरी, पण ओळख पटत नाही.'

तिसऱ्या दिवशी मी कप देऊन अंगणात झाडांना पाणी घालायला गेलो. परत आलो तर ही आत गेली होती. कप रिकामा. वही उघडी. अठरा ग्रॅम, छत्तीस ग्रॅम, अठ्ठावीस सेकंद, माझ्या अक्षरात. आणि शेवटच्या रकान्यात, हिच्या अक्षरात, एकच शब्द आणि पुढे प्रश्नचिन्ह.

लवंग?

मी हिला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी फिरकी त्याच घरावर ठेवली, अठरा ग्रॅम पूड तोलली, आणि वही उघडून तिच्यापुढे ठेवली.